डोळ्यातली लेवल

कोराडीच्या आमच्या कॉलनीत कोणाच्या डोळ्यात राख गेली की माणूस आधी माझ्या दारात येतो, मग दवाखान्यात. फुशारकी नाही, तसं आहेच. वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या खिडकीतून दिसतात, कोळशाचे ट्रक दिवसभर जातात-येतात, आणि वारा आमच्या बाजूनं फिरला की दोरीवरच्या चादरीवर बोटानं नाव लिहिता येतं. अशा जागी डोळ्यातला कण काढणं म्हणजे कला आहे बाप्पा! माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, खाली बघायला लावायचं, वरची पापणी काडेपेटीच्या काडीवर उलटी करायची आणि ओल्या रुमालाच्या टोकानं कण टिपून घ्यायचा. चोळायचं नाही आणि फुंकायचं तर मुळीच नाही. लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या एका म्हातारीनं हे मला शिकवलं, आणि ती गेल्यावर ते काम आपोआप माझ्याकडे आलं. ट्रकवाले येतात, शाळेतली पोरं येतात. एकदा तर आमच्या ह्यांचे साहेब माझ्या ओट्यावर मान वर करून बसले होते, आणि मी त्यांना "हालू नका म्हटलं न!" असं दटावलं होतं.

आणि हे सगळं मी एकाच डोळ्यानं करत होते. माझं माहेर कुहीकडच्या खेड्यातलं. तिथं माझ्या लहानपणी पोरींचे डोळे कोण तपासतं? डावा डोळा कमजोर आहे हे कळलं तोवर वेळ निघून गेली होती. त्या डोळ्यानं समोर माणूस आहे एवढं मला कळतं, कोण आहे ते कळत नाही. सगळा कारभार उजव्या डोळ्याचा, तोही जाड भिंगाच्या चष्म्याआडून. पण त्या एका डोळ्यावर मी स्कूटी चालवली, कॉलनीतल्या कितीतरी बायकांना शिकवली, भाजीतल्या अळ्या निवडल्या आणि जगाच्या डोळ्यातली राख काढली. मला काही कमी आहे असं कधी वाटलंच नाही.

तर मला सांगा, अशा बाईला एका सकाळी दूध तापवता तापवता डोळ्यापुढे काळे ठिपके नाचताना दिसले, तर ती काय समजेल? राखच!

मोहरी तडतडून हवेत उडावी तसे ठिपके. त्यांच्यामध्ये एक वाकडा धागा. नजर डावीकडे नेली की तेही डावीकडे जायचे, आणि नजर थांबली की मागून हळूच घसरत यायचे. मी डोळा धुतला. आरशासमोर उभी राहून स्वतःची पापणी उलटी केली, आणि ते किती अवघड असतं ते करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. कण काही सापडला नाही. मग आमच्या ह्यांना टॉर्च घेऊन उभं केलं. हे बॉयलरवर ऑपरेटर. तीस वर्षं नजर काट्यांवर आणि काचांवर.

"काहीच नाई दिसून राहिलं," हे म्हणाले.

"तुम्हाले काय दिसणार? नीट पाहा न!"

"नीटच पाहून राहिलो. साफ आहे डोळा."

"साफ कसा? मले इतके ठिपके दिसून राहिले ते काय उगाच?"

ह्यांनी टॉर्च बंद केला आणि ड्यूटीला निघून गेले. मी दिवसभर गार पाणी मारत बसले. दुपारी आडवी झाले तर डोळ्याच्या कडेला चमक झाली, एकदा, दोनदा, विजेसारखी. शेजारी त्या आठवड्यात लोखंडी गेटचं वेल्डिंग चाललं होतं. येता-जाता पाहिलं असेल आपण, म्हणून मी कूस बदलली. आता विचार केला की हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. डोळे मिटलेले, खिडकी बंद, आणि मी वेल्डरला शिव्या देत होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या क्वार्टरमधली सून स्कूटी शिकायला आली. गाडी तिच्या हातात, मी मागे बसलेली. कॉलनीच्या फाटकातून मोठ्या रस्त्याला लागायचं म्हणून ती थांबली आणि भीत भीत म्हणाली, "काकू, जाऊ का?"

मी दोन्हीकडे पाहिलं. शप्पथ सांगते, पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"जा न वं, काहून घाबरून राहिली?"

तिनं गाडी पुढे घेतली आणि उजव्या हाताला एवढा मोठा भोंगा वाजला की माझ्या छातीतच वाजल्यासारखा झाला. कोळशाचा ट्रक! ब्रेकचा कर्कश आवाज आला, पोरगी किंचाळली, गाडी आडवी झाली, आम्ही दोघी धुळीत. ट्रकवाला खिडकीतून ओरडायला लागला. मीही उठून, साडी झटकत, त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "दिसत नाई का रे तुले?" असं मीच त्याला विचारलं, आणि विचारता विचारता माझी जीभ अडकली.

कारण मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्याच्या ट्रकचं पुढचं चाक मला दिसत नव्हतं.

डावा डोळा हातानं झाकला. उजव्या डोळ्यापुढे, खाली उजवीकडच्या कोपऱ्यात, राखाडी काळी सावली बसलेली. पापणी मिटून उघडली तरी तिथंच. मान वळवली तर तीही वळली. त्या कोपऱ्यातला रस्ता, चाक, माझी स्वतःची चप्पल, काहीच नाही! मी त्या पोरीचा दंड धरला आणि म्हणाले, "चल, दवाखान्यात चल, मले धरून ने." ती बिचारी स्वतःच्या खरचटलेल्या कोपराकडे बघत होती. तिला वाटलं तिच्यासाठीच जायचं आहे.

कॉलनीच्या दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टरीण नवीनच आली होती. मी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "राख गेली आहे, निघून नाई राहिली." तिनं माझी पापणी उलटीसुद्धा केली नाही. नुसतं विचारलं, डोळ्याच्या कडेला चमक दिसली का? दिसली. ठिपके अचानक आले का? कालच. आणि कुठून सावली आल्यासारखं वाटतं? मी खाली उजवीकडे बोट केलं. तिचा चेहराच बदलला.

"काकू, ही राख नाही. बाहेरून काहीच गेलेलं नाही."

मग तिनं सांगितलं. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा चिकटलेला असतो, आपल्याला दिसतं ते त्याच्यामुळे. माझ्या त्या पडद्याला फाट पडली होती. आतलं पाणी फटीतून मागे शिरत होतं, आणि ओल आली की भिंतीचा पोपडा सुटतो तसा तो सुटत चालला होता. जाड चष्मेवाल्यांना याची भीती जास्त. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून माणूस घरी बसून राहतो.

"थेंब द्या न मग," मी म्हणाले.

"याला थेंब नाहीत. ऑपरेशन. पडद्याच्या मधोमध एक जागा असते, बारीक नजर तिथं असते. ती अजून सुटली नसेल तर नजर वाचू शकते. सुटली की मग काही सांगता येत नाही. म्हणून आत्ता जायचं. घरीसुद्धा जाऊ नका." ती बोलता बोलताच फोन लावत होती, नागपुरात धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याला. "आणि डावा डोळा कसा आहे तुमचा?"

मी सांगितलं. तिचा फोन लावणारा हात थांबला, आणि तेव्हा मला खरं कळलं. हा डोळा गेला तर मी आंधळी. पुढे सगळी माणसं नुसती माणसं राहणार, कोण आहे ते कळणार नाही.

निरोप मिळताच आमचे हे कंट्रोल रूममधून आले ते ड्यूटीच्या कपड्यांतच. आमची जुनी गाडी दवाखान्यासमोर उभी केली, मला बसवलं आणि निघाले. मी रडत होते, बडबडत होते, स्वतःलाच बोल लावत होते. ह्यांनी मला उगी केलं नाही की काही नाही. म्हणाले, "समोरच्या गाडीची नंबरप्लेट दिसून राहिली का?"

"दिसून राहिली."

"तिच्याकडेच पाह्य. नजर हालवू नको. सावली कुठपर्यंत आली ते सांग."

"चाकाच्या वरपर्यंत."

"हां. ध्यान ठेव."

आणि मग धंतोलीपर्यंत हा माणूस मला तेच विचारत राहिला! मानकापूरला सिग्नलवर: "लेवल?" मी म्हणायचे, "चाकाच्या वरच आहे." सदरमध्ये एक ऑटोवाला आडवा आला, मी काच खाली करून त्याला दोन शब्द सुनावले, तर हे म्हणाले, "भांडण नंतर कर. लेवल सांग." मी पाहिलं. "अवो, बंपरपर्यंत आली!" ह्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. जो माणूस आयुष्यात कधी पिवळ्या दिव्यावर पुढे गेला नाही, तो त्या दिवशी नागपूरच्या गर्दीतून अशी गाडी काढत होता की मला डोळ्याची भीती वाटावी की गाडीची, तेच कळेना. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी एक काच असते. ती पाहायची आणि लेवल सांगायची, हेच ह्यांनी जन्मभर केलेलं. आता मीच ती काच झाले होते.

दवाखान्याच्या दारात समोर एक गाडी उभी होती. "प्लेट वाच," हे म्हणाले. खालून सावली अगदी अक्षरांना टेकली होती. मी मोठ्यानं वाचली, शेवटच्या आकड्यापर्यंत. ह्यांनी स्वतःही ती मनात वाचून पाहिली असणार, कारण मग म्हणाले, "बरोबर."

आत थेंब घालून बाहुली मोठी केली. सर्जन पन्नाशीचे, शांत. कपाळाला दिवा बांधून ते माझ्या डोळ्यात कितीतरी वेळ वाकून पाहत राहिले. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. मी जीव मुठीत धरून पडले होते. शेवटी ते सरळ झाले.

"फाट वरच्या बाजूला आहे. मधली जागा अजून चिकटून आहे. अगदी काठावर आलात, पण आलात."

मी तिथं उठून बसले! "पण डॉक्टरसाहेब, सावली तर खालून आली."

"डोळ्यात चित्र उलटं पडतं, बाई. वरचा पडदा सुटला की खालचं दिसेनासं होतं." ते ह्यांच्याकडे वळले. "आज संध्याकाळीच करू."

संध्याकाळी डोळ्याशेजारी सुई देऊन डोळा बधिर केला. मी जागीच होते. कापडाखाली पडल्या पडल्या मला माझ्याच डोळ्यात काळ्या काड्या फिरताना दिसत होत्या, पाण्यात प्रकाश ढवळल्यासारखा. घाबरायला पाहिजे होतं, पण मला भलतीच मजा वाटत होती. जगाच्या डोळ्यात मी बाहेरून काडी घातली, आणि आता कोणी माझ्या डोळ्यात आतून घालत होतं. मी ते सर्जनना सांगायला गेले तर ते म्हणाले, "हालू नका, बोलूही नका." माझंच वाक्य मला ऐकवलं.

बाहेर आल्यावर त्यांनी ह्यांना समजावून सांगितलं. आतला चिकट द्रव काढला, पडदा जागेवर बसवला, फटीच्या भोवतीनं लेसर मारला.

"म्हणजे वेल्डिंग केलं," हे म्हणाले.

"तसंच समजा. आणि ते पक्कं होईपर्यंत आतून दाब पाहिजे, म्हणून गॅसचा बुडबुडा भरला आहे. तो आपोआप जिरतो, जागा डोळ्यातलंच पाणी घेतं. तोवर विमान नाही, चिखलदऱ्यासारख्या उंच जागी जाणं नाही, उताणं झोपणं नाही. आणि पहिले काही दिवस तोंड खाली."

"आणि दिसंल न तिले?" ह्यांनी विचारलं.

"बुडबुडा पूर्ण गेल्यावरच नक्की सांगता येईल. सावली जिथं होती तो कोपरा सगळ्यात शेवटी मोकळा होतो. तिथं परत सावली नसली, तर जिंकलो."

तोंड खाली! खायचं तोंड खाली, बोलायचं तोंड खाली, झोपायचं पालथं. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा काय असते ते माझ्या शेजारणींना विचारा. मी पलंगाच्या कडेवरून डोकं बाहेर काढून फरशीकडे पाहत पडायची. भेटायला येणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे, तेही डाव्या डोळ्याला, धुरकट. चौथ्या की पाचव्या दिवशी मी जाम चिडले. "मले माणसाचं तोंड पाह्याचं आहे!" म्हणून ओरडले. आमचे हे उठले. फरशीवर चादर अंथरली, उताणे पडले आणि सरकत सरकत माझ्या तोंडाखाली आले. साठीला टेकलेला माणूस, पलंगाखाली अर्धा, माझ्याकडे वर पाहत. मला ते नीट दिसतही नव्हते. पण मी इतकी हसले की पट्टी ओली झाली, आणि हे घाबरून "हासू नको वं, दाब वाढंल," म्हणत राहिले. त्यानंतर रोज दुपारी ड्यूटीवरून आले की हे चादर अंथरायचे. तिथं पडूनच मला कॉलनीच्या बातम्या सांगायचे.

मग मान वर करायची परवानगी मिळाली, आणि खरी गंमत सुरू झाली. आधी तर उजव्या डोळ्यानं सगळंच पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. एका सकाळी चहा घेताना वरच्या बाजूला एक पट्टी स्वच्छ दिसली. तिच्या खाली आडवी रेघ, आणि रेघेखाली सगळं डुचमळणारं. मी मान हलवली तर रेघ हिंदकळली, थांबले तर सपाट झाली.

"अवो! इकडे या! डोळ्यात लेवल दिसून राहिली!"

मी हातानं दाखवलं, ही इथं रेघ, वर साफ, खाली पाणी. ह्यांचे डोळे असे मोठे झाले! त्या दिवसापासून ह्यांना दुसरं कामच उरलं नाही. सकाळी उठल्या उठल्या, "लेवल?" ड्यूटीवरून फोन करून, "लेवल?" मी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहून सांगायची. आज बाराच्या खाली. आज काट्यांच्या मधोमध. आज सहावर. जन्मभर ह्यांची लेवल खाली गेली की छाती धडधडायची, कारण ड्रममधलं पाणी उतरलं म्हणजे घात. आता लेवल उतरली की हे हलवायाकडे जायचे. "बॉयलर असता तर कधीचाच बंद पडला असता," असं म्हणायचे आणि पेढा माझ्या हातावर ठेवायचे.

पण रेघ जसजशी खाली सरकायला लागली, तसतशी माझी बोलती बंद व्हायला लागली. वरचं सगळं झकास दिसत होतं. चिमण्या दिसत होत्या, समोरच्या गच्चीवरची टाकी दिसत होती. उरला होता तो खालचा भाग, आणि त्यातच तो उजवीकडचा कोपरा. बुडबुड्याच्या आड काय आहे, कोणाला माहीत? रात्री झोप लागायची नाही. ह्यांनाही लागत नसावी, सारखे कूस बदलायचे. बुद्धाच्या फोटोपुढे रोज मेणबत्ती लावायचे, वंदना म्हणायचे, ती आधीपेक्षा जरा लांबायला लागली होती.

त्या दिवसांत स्कूटीवाली सून आली. "काकू, डोळ्यात काहीतरी गेलं." मी आधी विचारलं, "चमक दिसते का? ठिपके आले का? सावली आहे का?" ती म्हणाली, "नाई वं बाई, कणीक मळताना पीठ उडालं." तरी मी तिला माझ्या हातानं काढून दिलं नाही. अजून माझा डोळा माझा झाला नव्हता. तिला दवाखान्यात पाठवलं, आणि दार लावून घेतल्यावर मला रडू फुटलं.

शेवटी बुडबुड्याचा टिकलीएवढा गोळा राहिला. खाली पाहिलं की मधोमध यायचा, काळ्या किनारीचा, इकडून तिकडे पळायचा. आणि एप्रिलच्या एका सकाळी मी ओट्यावर बसून सांडग्यांचं ताट उन्हात ठेवत होते, तर तो दिसेना. मी वाकले. मान फिरवली. गोळा नाही.

उठायची हिंमत होईना. डावा डोळा तळहातानं घट्ट झाकला, समोर भिंतीवर एक जागा पकडली, नजर तिथंच ठेवली आणि मग न हलता, हळूच, त्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात मन नेलं. तिथं पायरी होती. पायरीवर ह्यांच्या चपला होत्या. एका चपलेचा अंगठा तुटत आलेला होता, तोही होता.

"अवो!" माझा आवाज चिरकला. हे आतून धावत आले, दाढीचा साबण गालाला तसाच.

"लेवल?"

"झिरो."

"आणि सावली?"

"नाई. तुमची चप्पल दिसून राहिली. तुटली आहे, पायात घालून फिरू नका."

हे एकदम तोंड फिरवून डोळा चोळायला लागले. मी ओरडले, "चोळू नका!"

"राख गेली," हे म्हणाले.

"बसा इथं. उजेडाकडे तोंड करा." मी रुमालाचं टोक ओलं केलं, ह्यांना खाली पाहायला लावलं आणि पापणी काडीवर उलटी केली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. माझ्या उजव्या डोळ्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, पापणीतली एकेक लाल शीर दिसत होती. राख नव्हती. कणभरसुद्धा नव्हती. नुसतं पाणी भरून येत होतं आणि साबणाच्या फेसातून वाट काढत हनुवटीवर उतरत होतं.

"आहे का?" ह्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "मोठा कण आहे. हालू नका." आणि रुमालाच्या टोकानं ते पाणी टिपत राहिले.